भोंग्याचं मौन

हॅलो?

हां, ताई, बोल. … नाही गं, कामात कसली, वाटाणे सोलत बसलेय. फोन खांद्यात धरूनही सोलता येतात. … हो, हो, माहितीये कशासाठी केलायस. दुपारपासून तुझ्या फोनची वाटच बघत होते.

नाही, तिला नाही देत. … अगं, देऊन काय करू? मौन आहे ना तिचं आज.

तासभर? तुला वाटलं तासाभरात आटोपेल? … बघ, मी ह्यांना म्हटलंच होतं. ताईने एवढी रक्कम कबूल केली ती द्यावी लागणार नाही या भरवशावर. … हस. हस तू. तुझा भोंगा अजूनही बंदच आहे.

हो, माझी पोर, आपलाच भोंगा. झोपेतसुद्धा बडबडणारा.

मी कशाला गोळी देऊ तिला? … नाही, घसा नाही बसला. ताप नाही. स्वतःहून गप्प आहे. ह्यांना तर सकाळपासून चैन पडत नाहीये, दर थोड्या वेळाने उठून तिच्या खोलीत डोकावून येतात. म्हणाले, घर दुसऱ्या कोणाचं तरी वाटतंय.

काय? … म्हणजे तुला तिने नीट सांगितलंच नाही? … हो, ती एका दमात बोलते, मधलं मधलं आपणच भरून घ्यायचं. ऐक, मी सांगते.

त्यांच्या शाळेत यंदा प्रत्येक वर्गाने कुठल्या ना कुठल्या संस्थेसाठी निधी जमवायचा असं ठरलं. आणि वर्गाच्या बाईंनी एक अट घातली. घरी जाऊन आईबाबांकडे हात पसरायचा नाही. स्वतःचं काहीतरी द्यायचं, आणि त्याबद्दल लोक जे देतील ते संस्थेला. … हो, मलाही आवडलं ते. नाहीतर मुलं काय करतात, डबा घेऊन दारोदार फिरतात आणि आपण सुटे पैसे टाकून दार लावतो. मुलांनी काय दिलं त्यात? पायपीट.

तर पाचवीवाले सायकली धुतात, सातवीवाल्यांनी कुंड्यांमध्ये रोपं लावून विकली. आणि आमच्या सहावीचं काही ठरेचना. का, तर सगळे एकाच वेळी बोलतात. … हो, अख्खा वर्ग तसा. शेजारच्या वर्गातून तक्रारी येतात. शेवटी बाई वैतागून म्हणाल्या, तुमच्याजवळ लोक पैसे मोजून विकत घेतील अशी एकच वस्तू आहे, ती म्हणजे तुमचं गप्प बसणं.

थट्टाच होती ती. पण पोरांनी धरून ठेवली ना. एक शनिवार, उठल्यापासून झोपेपर्यंत, एक शब्द नाही. ओळखीच्या लोकांनी आधी आकडा कबूल करायचा. दिवस पुरा झाला तर द्यायचा. मध्ये एक शब्द जरी निघाला तरी दिवस गेला.

अगं, लोकांनी धावत येऊन कबूल केलं. वरच्या मजल्यावरचे पोस्टमास्तर म्हणाले, आठवडाभराचं बघ जमतंय का, मी पेन्शन लावतो. दातांचे डॉक्टर म्हणाले, या मुलीच्या तोंडात माझी यंत्रं असतात तेव्हाही ती बोलते, एवढा चमत्कार बघायला मी दुप्पट देईन. … हो, तुझंही नाव होतंच त्यात, वरून दुसरं.

नाही, पहारा कोणाचा नाही. तेच तर ऐक ना. बाईंनी प्रत्येकाच्या मनगटावर एक पिवळी फीत बांधून दिलीये. बोललात तर फीत ज्याची त्याने सोडायची. कोणी ऐकलं असो वा नसो. बाई म्हणाल्या, मी तुमच्या घरी येऊन बसणार नाही, तुमचा पहारेकरी तुमच्याजवळच आहे.

कोणासाठी म्हणजे? … ताई, हे पण नाही सांगितलं तिने तुला?

अगं, आपले बाबा जातात त्या केंद्रासाठी.

हो. तेच. झटक्यानंतर ज्यांची वाचा गेली त्यांना परत बोलायला शिकवतात ते. … तिचीच कल्पना. मी नाही सुचवली. मला तर पालकसभेत कळलं. वर्गात अनाथाश्रम, कुत्र्यामांजरांचा दवाखाना, काय काय नावं निघाली होती. ही उभी राहिली आणि म्हणाली, आपण गप्प बसून पैसे मिळवणार असू तर ते ज्यांना गप्प बसायचं नाहीये त्यांना मिळाले पाहिजेत.

… हो.

… हो ना. बाईंनी मला ते सांगितलं तेव्हा मी नुसती पर्सची चेन उघडबंद करत बसले होते.

आणि मग तिने वर्गाला समजावून सांगितलं म्हणे. केंद्रात शिकवायला एकच बाई आहेत, बाहेर बाकांवर रांग असते, आजोबांचा नंबर आठवड्यातून एकदा लागतो. दुसरी शिक्षिका ठेवायची तर पगार कुठून आणायचा. … हो, तू त्यांना नेतेस, तुला ठाऊकच आहे. पण तिलाही ठाऊक आहे, ते मला ठाऊक नव्हतं. सुट्टीत तुझ्याकडे आली होती तेव्हा बसली होती ना त्या बाकावर तुमच्याबरोबर. आपल्याला वाटतं पोरं मोबाइलमध्ये डोकं घालून बसलीयेत.

कौतुक नाही सांगत मी, घडलं ते सांगतेय. … बरं बाई, कौतुक सांगतेय. आई आहे तिची, शेजारीण नाही.

हं? … हो, मग ऐक ना, खरी गोष्ट पुढेच आहे. तू मला बोलू देशील तर.

दिवस पुरा नाही झाला, ताई.

बोलली ती. दुपारी.

… थांब. थांब जरा. लगेच 'मी म्हटलं नव्हतं का' सुरू करू नकोस.

ह्यांची पँट टाचायला दिली होती खाली शिंपीकाकांकडे. मीच पाठवलं तिला, झाली का बघून ये. आता तिथे विचारायचं कसं, तर तिने बोटांनी कात्री करून दाखवली म्हणे, काका म्हणाले बस पाच मिनिटं. काका मशीनवर, पाठ दुकानाकडे. आणि त्यांचा तो नातू, रांगणारा, टेबलाखाली. इस्त्री टेबलावर, तापलेली, आणि वायर खाली लोंबतेय.

… हो.

हो, धरली त्याने वायर. ओढायलाच लागला होता.

काय करणार? ती दुकानाच्या दुसऱ्या टोकाला, मध्ये कापडाचे गठ्ठे. ओरडली. 'सोड ते' म्हणून ओरडली. तिचा आवाज तुला माहितीये. ते पोर दचकलं, वायर सुटली, आणि हिने जाऊन बटण बंद केलं. … नाही, काही नाही झालं. काहीसुद्धा नाही. पोर थोडं रडलं, तेवढंच.

आणि गंमत बघ, काकांना काही ऐकूच आलं नाही. मशीन चालू, वर रेडिओ. मशीन थांबल्यावर त्यांना फक्त नातू रडताना ऐकू आला, वळले तर पोर हिच्या कडेवर. त्यांना वाटलं पडला असेल.

म्हणजे कोणालाच माहीत नव्हतं, ताई. ते पोर काय सांगणार होतं? घरी येऊन गप्प बसली असती तर मला कळलं नसतं, बाईंना कळलं नसतं, तुला तर नाहीच नाही. दिवस पुरा. सगळ्यांचे पैसे जमा.

हिने तिथेच फीत सोडली आणि काकांच्या टेबलावर ठेवली.

… ऐक तर, ऐक. काकांना काय वाटलं, फितीचं टोक उसवलंय, शिवायला दिलीये. त्यांनी घेतली, दुमडली, दोन टाके घातले, दोरा तोडला आणि परत तिच्या हातावर बांधून दिली. वर म्हणाले, याचे पैसे नकोत. … हो ना. हिने परत सोडली. काकांनी परत बघितली, म्हणाले, आता काय खोट आहे माझ्या शिलाईत?

हसू नकोस गं, मला पण येतंय.

मग हिने काय केलं, टेबलावरचा खडू उचलला, कापडावर खुणा करतात तो, आणि समोर एक काळं कापड पसरलेलं होतं त्यावर लिहिलं, 'मी बोलले.' आणि खाली त्या बाळाचं आणि इस्त्रीचं चित्र. वायरसकट.

कोणाचं कापड? … आमच्याच ह्यांचं. दुसऱ्या पँटचं. … हो, खडू झटकला की जातो. पण काकांनी नाही झटकला. वायर बघितली, चित्र बघितलं, आणि मशीन सोडून खालीच बसले म्हणे पोराला मांडीवर घेऊन. कितीतरी वेळ उठले नाहीत. मग तिला घेऊन स्वतः वर आले, गुडघ्याला पट्टा बांधलेला असताना, आणि मला सगळं सांगितलं. म्हणूनच मला कळलं. हिने काय सांगितलं असतं, नुसती मान खाली घालून उभी होती चोरी केल्यासारखी.

… मी तेच म्हटलं. शब्दन् शब्द हेच म्हटलं मी तिला. अशा वेळी बोललेलं मोजायचं नसतं, बाई पण हेच म्हणतील. नाही. घरातली जुनी पाटी घेतली आणि त्यावर लिहिलं, 'बोलले म्हणजे बोलले.'

तू समजावशील? कशी समजावणार? तिला पटत नाही असं नाहीये, ताई. पटतंय. बोलले ते बरोबरच केलं, हे तिला पक्कं माहितीये. पण बरोबर केलं म्हणून बोललेच नाही असं कसं म्हणायचं, एवढंच तिचं म्हणणं आहे.  त्यावर तुला काही सुचतंय का बघ.

… हं.

… काय? तरी तू पैसे देणारच?

नाही, तुझी रक्कम नकोय तिला. … अगं, रागावतेस कशाला? तुला केंद्राला द्यायचेच असतील तर सरळ दे की, तुला कोणी अडवलंय? तू जातेसच तिथे. फक्त तिच्या दिवसाचे म्हणून देऊ नकोस. दुपारी पाटी घेऊन ती स्वतः वर पोस्टमास्तरांकडे जाऊन आली. डॉक्टरांच्या दवाखान्यात जाऊन आली. पाटी दाखवायची आणि परत यायचं. मी म्हटलं, मी येते बरोबर. मानेनेच नाही म्हणाली.

पोस्टमास्तर? ते म्हणाले, मग पुढच्या शनिवारी परत राहा. त्यांचा आपला फायदा त्यातच आहे.

आणि शिंपीकाकांचं तर वेगळंच. ते म्हणाले, मी तुझ्या गप्प बसण्याचे पैसे कबूल केले होते, ते गेले, मान्य. आता मी तुझ्या बोलण्याचे देतो. ते माझं मी ठरवलंय, त्याला तुझी फीत लागत नाही. … हो. ती अडकली तिथे. बराच वेळ पाटी पुसली, लिहिलं, पुसलं. शेवटी लिहिलं, 'सोमवारी बाईंना विचारून सांगते.'

… वय? अकरा पूर्ण. बारावं लागलंय.

कोणावर गेली काय विचारतेस? आपल्या घरात असं एकच माणूस होतं. … हो. बाबाच. दुकानात जास्त सुटे आले म्हणून उन्हातून परत चालत जाणारं. आपल्याला बाकावर बसवून. तू रडायचीस, पाय दुखतात म्हणून.

… मी नाही, तू.

हं. … आता? आता आत बसलीये, चित्र रंगवतेय. … नाही गं, तेच तर सांगायचं राहिलं. अजून बोलत नाहीये.

हो, फीत सोडली. दुपारीच. तरी नाही बोलत. मी म्हटलं, अगं आता कशाला, आता तर दिवसही गेला, पैसेही गेले, आता बोल की. ह्यांनी तर हात जोडले. तर तिने पाटीवर लिहिलं…

थांब हं. वाटाण्याचं भांडं जरा बाजूला ठेवते.

लिहिलं, 'आजोबांना फीत नाही. त्यांनी काय सोडायचं?'

…

हो.

मी गॅस बघून येते म्हटलं आणि मोरीपाशी जाऊन उभी राहिले. गॅस पेटलेलाच नव्हता.

ताई, एक सांगू? दिवसभर ती गप्प होती ना, तेव्हा मी बघत होते माझं मलाच. ती नुसता हात वर करायची, की मी म्हणायचे, पाणी हवंय का? ती मान हलवायची. मग दूध? मग टॉवेल? मग पंखा लावू? आणि तिला काहीच नको असायचं, तिला खिडकीबाहेरचं काहीतरी दाखवायचं असायचं. तोपर्यंत ते उडून गेलेलं असायचं. शेवटी तिने लिहिलं, 'आई, थांब ना.' फक्त एवढंच.

आणि मला एकदम बाबा आठवले. … आपण दोघीही, ताई. त्यांच्या ओठांवर नुसता 'प' आला की तू पाण्याचा पेला घेऊन हजर, आणि मी फोनवर पेपर, पंखा, पाऊस, पायमोजे, सगळी बाराखडी म्हणून दाखवते. ते पुढे बोलणार कशाला? त्यांनी फोनवर येणंच सोडलं. आपण म्हणतो, बाबांना आता फोन नको वाटतो. फोन नको वाटत नसेल. आपण नको वाटत असू.

… नाही, तुला दोष नाही देत. तू सगळं करतेस त्यांचं. मी तर लांबूनच. … नाही गं, तसं नाही म्हटलं मी.

ताई?

ताई, आहेस ना? … मग बोलत का नाहीस?

कोण? … बाबा? बाबा उठून आले?

स्पीकरवर? … कधीपासून? … पहिल्यापासून? अगं, मग सांगायचं नाही का? मी इकडे काय काय बोलले… पाण्याच्या पेल्याचं पण ऐकलं? … बाकावर बसवल्याचं पण?

रागावलेत का? … मग काय करतायत? … फोनकडे हात करतायत?

नाही, तू धरू नकोस त्यांच्यासाठी. … त्यांना धरता येतो डाव्या हातात. दे. … पडला तर पडू दे. तू दे फक्त, आणि बाजूला बस.

…

बाबा?

… हो, मीच.

…

हो, बरी आहे. सगळे बरे आहेत. तुमची तब्येत… नाही, नाही. तुम्ही बोला. तुम्ही काहीतरी म्हणत होतात.

…

कु… कुठली गोळी? कुणी आलंय का… चुकलं. चुकलं, बाबा. परत तेच करतेय मी. आता गप्प. अगदी गप्प.

…

…

हं.

…

हो, बाबा. 'कुठे.' आलं ऐकू. अख्खा शब्द आला.

इथेच आहे ती. पलीकडच्या खोलीत. नेते तिच्याकडे, थांबा. … अहो, तुम्ही नका उठू, मी जाते.

… ए, ऐक. रंग खाली ठेव. हात पूस आधी. … तुझ्यासाठी आहे. आजोबा. … हो, खरंच आजोबा, मावशी नाही. स्वतः धरलाय फोन. … अगं नाही, तुला बोल म्हणून कोण म्हणतंय? पाटी राहू दे, पाटी त्यांना कुठे दिसणार? नुसता कानाला लाव.

बाबा, देते हं तिच्याकडे. ती काही बोलणार नाही. तुम्हीही बोलायलाच पाहिजे असं नाही. … हो. वेळ आहे तिला. भरपूर वेळ आहे.

… घे.

असा. दोन्ही हातांनी धर. … येतोय ना श्वास ऐकू? … बरं, नको सांगूस.

काय झालं? हात का दाखवतेस? … मी जाऊ? … अगं, जाते की, ढकलतेस कशाला. जाते. दारही ओढून घेते.